कूलरसमोरची मेणबत्ती

पुणे, ६ जून २०२५

आजी,

जयभीम. हे पत्र मोनालीवहिनींच्या पत्त्यावर टाकतोय. त्या शेजारीच आहेत, तुला वाचून दाखवतील. फोनवर तुला ऐकू येत नाही, मग आई फोन घेते आणि तुझं बोलणं राहूनच जातं.

बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही, असं आईनं सांगितलं. लकव्याला वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले होतेच. मी निघालो तेव्हा तू दारात बसली होतीस. पाया पडलो तरी काही बोलली नाहीस. ते मनात राहिलं आहे.

एक काम होतं. तुला माहीत आहे, मी कोशाच्या कचेरीत जुन्या ग्रीक शब्दांच्या नोंदी लिहितो. सध्या ‘सेमेइओन’ हा शब्द माझ्याकडे आलाय. त्याचे अर्थ पुष्कळ आहेत. साधी खूण. शिक्का. लढाईत सैन्याला दाखवायचं निशाण. आभाळात दिसलेला शकुन किंवा अपशकुन. वैद्यांच्या बोलण्यात रोगाचं लक्षण. न्यायसभेत पुरावा. भूमितीवाले तर कागदावरच्या नुसत्या ठिपक्यालाही तेच म्हणत. मला नोंदीत आपल्याकडची उदाहरणं द्यायची आहेत. आपल्या भागात कशाकशाला शकुन-अपशकुन मानतात, ते तू सांगशील का? टिटवी, मांजर, पाल, जे आठवेल ते.

साक्षगंध झालं असलं तरी माझं लग्न तूर्त पुढे ढकललं आहे. बाबांच्या तब्येतीमुळे. मुलीकडच्या बाभुळगावच्या मंडळींना तसं कळवलंय.

तुझा,
संघदीप

•

फुलसावंगी, १४ जून

संघदीप, जयभीम.

मोनाली लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. चुका तिच्या, शिव्या माझ्या. ती विचारते, “आजी, शिव्या भी लिहू काय?” म्हणलं, “लिही माय, तिकिटाचे पैसे वसूल झाले पाह्यजे.”

तुझा तो ग्रीक शब्द मोनालीनं मले तीन डाव वाचून दाखवला. मले बोलता येत नाही, पण समजला. एका शब्दात एवढे पाव्हणे उतरले म्हणजे घर मोठं असन बापा त्या लोकाईचं. ठिपका भी तिथंच अन् फौज भी तिथंच.

आता माझ्याकडचे शकुन पाह्यजे तुले. माझ्याकडं काही नाही. मी लहान होती, तवा माझ्या बापानं ढाणकीले घरातले देव टोपल्यात भरले अन् पैनगंगेत सोडले. माय रडत होती, बाप म्हणे, “आजपासून आपल्याले कोणाचं भेव नाही.” मले वाटलं, शकुन भी त्याच टोपल्यात गेले. आता समजलं, ते कोणाच्या तरी कमरेले खोचलेले राह्यले होते अन् पार तुझ्या मायपर्यंत आले.

मी दारात काहून बसली होती अन् काहून बोलली नाही, सांगतो म्हणलं तं मोनाली हसते, बाईनं सांगते म्हणाव म्हणते. बरं, सांगते. मले वाटत होतं तूच काही बोलशील. तू बॅग उचलली अन् चालला.

तब्येतीमुळं पुढं ढकललं म्हणतो? खोटं. तुझ्या मायनं, शीलानं मध्यस्थाले फोन केला, तवा मी तिच्या पाठीमागंच भाकरी खाऊन राह्यली होती. फोनवरचं ऐकू येत नाही मले, पण माणूस समोर वरडत असन तं येते. ती म्हणे, “पोरीचा पायगुण चांगला नाही. साक्षगंधाच्या दिवशी बुद्धासमोरची मेणबत्ती तिच्या हातानं तीन डाव विझली. अन् आठ दिवसात माझा नवरा पडला. नाही पाह्यजे आम्हाले.” पुढं ढकललं नाही. मोडलं.

आता तुले त्या मेणबत्तीचं सांगते, तुझ्या कोशात टाकाची तं टाक. मे महिना. बाभुळगावले ते दहा बाय बाराच्या खोलीत पन्नास माणूस. बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो टेबलावर, बाजूले कूलर. कूलर होता पाव्हण्याईकडं तोंड करून. तुझी माय म्हणे, “मले घाबरल्यासारखं होते, कूलर इकडं करा.” पोरीच्या काकानं कूलर फिरवला. आता शीला बसली कुठं होती? टेबलाच्या पल्याड. तं हवा मेणबत्तीवरून गेली की नाही गेली? पोट्टी लावते, कूलर विझवते. ती पुन्हा लावते, तो पुन्हा विझवते. तिसऱ्या डावाले मी म्हणलं, “अवो, कूलर तं बंद करा कोणी.” कोणी ऐकलं नाही, सारे व्हिडिओ काढत होते.

तं एवढाच तो अपशकुन. त्यात पाणी टाकाव लागते.

अन् पायगुणाचं मले काही सांगू नका कोणी. मी या घरात आली, त्या साली पूर आला, सासू म्हणे हिच्या पायानं. दुसऱ्या साली पाऊसच नाही आला, ते भी माझ्याच पायानं. एवढी ताकद असती पायात, तं मी इथं उभी राह्यली असती काय, पायीच दिल्लीले जाऊन बसली असती.

तू हे मोडताना कुठी होता, ते लिही.

आजी (अंगठा उमटवला नाही, मोनालीनं तिची शाई दिली नाही)

•

पुणे, २१ जून २०२५

आजी,

पत्र वाचून वाईट वाटलं आणि रागही आला.

माझा पायगुणावर विश्वास नाही. हे तुला सांगायची गरज पडावी, याचाच राग आलाय. बुद्धानं भिक्खूंना शकुन सांगून पोट भरायला मनाई केली होती, हे मीच दहावीत असताना तुम्हाला सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं होतं.

पण तू माझ्या बाजूनं विचार कर. बाबांना उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं आई एकटी करते. तिच्या मनात ही गोष्ट बसली आहे. उद्या समीक्षा या घरात आली आणि कुणाला साधा ताप आला, तरी आई तिच्याकडे बोट दाखवेल. रोजच्या त्या बोलण्यात ती मुलगी कशी जगेल? तिला त्यात ओढण्यापेक्षा आत्ताच थांबलेलं बरं. मी तिच्या भल्याचाच विचार केला.

माणसाचं मन असंच असतं, आजी. ग्रीकांमध्येही मोठमोठे लोक याच्यातून सुटले नाहीत. एका सेनापतीची फौज परक्या मुलखात अडकली होती. निघायचं ठरलं आणि त्याच वेळी चंद्रग्रहण लागलं. तो थांबून राहिला. शहाणा माणूस होता, तरी थांबला. पुढे सगळी फौज बुडाली. मग आईला मी काय बोलू? ती तर चौथी शिकलेली.

मध्यस्थाला आईनं काय कारण सांगितलं, ते मला नंतर कळलं. तोवर शब्द गेला होता. आता पुन्हा फोन करून कारण दुरुस्त करत बसलो, तर त्या मुलीचीच जास्त चर्चा होईल.

एक विनंती. तू यात मध्ये पडू नकोस. तुझं वय झालंय. दोन्ही घरं आपापलं बघून घेतील.

शकुनांची यादी नसेल द्यायची तर राहू दे.

संघदीप

•

बाभुळगाव, २९ जून

संघदीप,

वरचं गाव पाह्यलं काय? बाभुळगाव. मी मध्ये पडली.

माझं वय झालं म्हणतो ना तू, त्याचाच फायदा घेतला. म्हाताऱ्या माणसाले यष्टीत तिकीट नाही. महागाववरून यवतमाळ, यवतमाळवरून बाभुळगाव. कंडक्टर म्हणे, “आजी, एकट्याच? कोणाकडं?” म्हणलं, “नातसुनेकडं.” तो म्हणे, “नातू कुठी आहे मंग?” म्हणलं, “तो ग्रीसले आहे.”

शीलाले सांगितलं, बहिणीकडं जाऊन येते. खोटं बोलली. तुझ्याच घरात शिकली.

हे अक्षर मोनालीचं नाही, ते तू ओळखलं असन. समीक्षा लिहून राह्यली. मी म्हणलं, “माय, मी बोलते तसंच लिही, काही गाळू नको.” ती म्हणते, “माझी स्तुती मी नाही लिहिणार, आजी.” म्हणलं, “बरं, मंग त्याची निंदा लिही.” ते तिनं लगेच कबूल केलं.

आता ऐक. मी इथं आली ते तिची समजूत घालाले आली होती. वाटलं, कूलरचं सांगीन, पोट्टी हसन, तुले शिव्या देईन, पुन्हा जुळन. तिनं सारं ऐकून घेतलं. चहा आणला. मंग म्हणे, “आजी, मेणबत्तीचं जाऊ द्या. गिलासाचं तुम्हाले माहीत नाही काय?”

कोणता गिलास?

तिनं सांगितलं. मी तिले म्हणलं, हे तूच लिही, तुझ्या शब्दात लिही, मी मध्ये बोलत नाही.

(साक्षगंधाच्या दिवशी मी पाहुण्यांना पाणी देत होते. तुमच्या बाबांनी उजव्या हातानं गिलास घेतला तो निसटला. दुसरा दिला, तोही निसटला. लोक हसले. मग त्यांनी डाव्या हातानं चहा घेतला तर ओठाच्या एका बाजूनं सांडत होता. माझ्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं. मी तुम्हाला स्वयंपाकघराच्या दारात गाठून सांगितलं, बाबांना आजच यवतमाळला दाखवा. तुम्ही काय म्हणालात, ते तुम्हाला आठवत असेल. मग मी तुमच्या आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, शुभ कामात असं तोंडातून काढतात का. समीक्षा.)

झालं तिचं लिहून. आता मी बोलते.

मले तिनं तुझं बोलणं सांगितलं. तू म्हणला, “आता नको, सगळे बसले आहेत.”

मी त्या बळीरामाची माय आहे. मी त्याच खोलीत होती. गिलास पडला तवा मी भी हसली असन, मले वाटलं पोरगा व्याही व्हायच्या आनंदात गडबडला. मले दिसलं नाही. तिले दिसलं. अन् तिनं सांगितलं. तुले सांगितलं, तुझ्या मायले सांगितलं. तुम्ही दोघांनी ऐकलं अन् चूप राह्यले. आठ दिवस होते तुमच्यापाशी. आठ दिवसात काय बैलगाडीनं जाव लागत होतं यवतमाळले?

अन् मंग तो पडला. तवा तुम्ही काय केलं? ज्या पोरीनं सांगितलं होतं, तिच्याच पायावर नेऊन ठेवलं!

तू त्या शब्दाचे एवढे अर्थ लिहून पाठवले. वैद्याची खूण भी त्यात होती, तूच लिहिली होती. तुझ्यासमोर तुझ्या बापाच्या हातातून दोन डाव खूण खाली पडली अन् आवाज करून पडली. ती नाही दिसली. वाऱ्यानं विझलेली वात मात्र साऱ्याईले दिसली.

अन् तुझा तो सेनापती. चंद्राकडं पाहत बसला अन् सारी फौज बुडवली. तूच लिहितो अन् तुलेच कळत नाही, त्या गोष्टीत तू कोण आहे ते.

तिच्या भल्याचा विचार केला म्हणतो. तं तुझं भलं कसं चालू आहे, ते पाह्य. तिच्या मैत्रिणीची हळद होती. लहानपणापासूनची मैत्रीण. तिची माय समीक्षाले म्हणे, “तू जराशी मागं बस बेटा, समजून घे.” एक स्थळ येणार होतं, ते यवतमाळवरूनच परत गेलं. चुलत भावजयीनं नव्या घरात पहिलं पाणी हिच्या हातून न्यायचं ठरवलं होतं, आता दुसऱ्या पोरीले सांगितलं. अन् हे सारे कोण? जयभीमवाले. एकूण एक. एखादा पुतळ्यापाशी वर्गणी देतो, एखादा भाषण देतो. मले एवढा राग आला, की मी त्या हळदवालीच्या घरी जाऊन आली. काय बोलली ते समीक्षा लिहीत नाही म्हणते. बरं, नको लिहू.

शीलाचं मी समजू शकते. तिचा नवरा पडला, तिले भेव वाटलं, अन् भेवाले काहीतरी धराले लागते. जवळ जे सापडलं ते धरलं. पण तुले कायचं भेव होतं? तुले तं माहीत होतं, की पोट्टी खरं बोलली होती. तू फोनवर मायले एवढं म्हणला असता, “आई, तिनं आपल्याले आधी सांगितलं होतं,” तं सारं तिथंच संपलं असतं. तू नाही म्हणला. कारण ते म्हणलं, की तू ऐकलं नाही हे भी म्हणाव लागते.

मी चूक बोलली असन तं सांग.

आता माझी अट. इथल्या विहारात वर्षावासाचं वाचन असते, रविवारी सारे जमतात. त्या साऱ्याईसमोर खरं कारण गेलं पाह्यजे. तू ये अन् सांग. नाही येता आलं तं लिहून पाठव.

मी उद्या निघते. बळीरामाजवळ मी पाह्यजे.

आजी

•

पुणे, ७ जुलै २०२५

आजी,

अक्षर ओळखलं. पाकीट हातात घेतलं तेव्हाच ओळखलं, आणि उघडायला संध्याकाळ झाली.

तू लिहिलंयस त्यात चूक काही नाही.

रजा मिळत नाही, बाबांच्या वेळी सगळी संपली. विहारात वाचण्यासाठी मजकूर सोबत जोडला आहे. तू पाहून घे आणि बरा वाटला तर पुढे पाठव.

“आदरणीय बंधू-भगिनींनो, सविनय जयभीम. आमच्या कुटुंबात अचानक उद्भवलेल्या वैद्यकीय परिस्थितीमुळे नियोजित विवाह स्थगित करण्यात आला. त्या काळात मानसिक ताणामुळे काही गैरसमज निर्माण झाले व त्यातून कु. समीक्षा यांच्याविषयी काही अनुचित बोलले गेले. ते अत्यंत खेदजनक आहे. मानवी इतिहासात सर्वच संस्कृतींमध्ये संकटकाळी शकुन-अपशकुनांचा आधार घेतला गेल्याचे दिसते. तथापि आपण विज्ञाननिष्ठ धम्माचे अनुयायी आहोत. झाले गेले विसरून सर्वांनी सहकार्य करावे, ही विनंती.”

संघदीप

•

फुलसावंगी, १५ जुलै

संघदीप,

तुझा कागद परत पाठवून राह्यली. मोनालीनं वाचला, मंग लालीबाई आली, तिले भी वाचून दाखवला. लालीबाई मोनालीची सासू, तांड्यावरची बाई, आपल्या धम्माचं तिले काही देणंघेणं नाही. ती म्हणे, “मथुराबाई, हे तं लाइट बिल भरा म्हणून येते तसं आहे.”

ह्यात माणूस कुठी आहे रे? निर्माण झाले, बोलले गेले, केले गेले. आपोआप झाले काय, गाजरगवतासारखे? कोण बोललं? कोणी ऐकलं? गिलास कुठी आहे? तुझं तोंड कुठी आहे?

अन् साऱ्या दुनियेची संस्कृती काहून आणली तू मध्ये? बाभुळगावच्या त्या विहारात साठ-सत्तर माणूस बसते, त्याईले ग्रीस नाही पाह्यजे. त्याईले हे पाह्यजे, की पोरीनं काय केलं होतं अन् तुम्ही तिच्याशी काय केलं. जिच्यावर चिखल फेकला, तिलेच सांगतो सहकार्य करा!

तुले शिकवाले तुझ्या बापानं गवंड्याच्या हाताखाली विटा वाहिल्या. त्याच हातानं. आता तो हात मांडीवर पडलेला असते, मी तेल लावते त्याले. तो बोलते थोडं थोडं, पण शब्द वाकडा निघते. कागद आला ते त्यानं पाह्यलं. विचारलं, “काय?” मी सांगितलं सारं. गिलासाचं भी सांगितलं. शीला तिथंच होती. ती उठून चुलीपाशी गेली अन् मले म्हणे, “म्हातारे, तुले मले मारूनच टाकाचं आहे काय?” म्हणलं, “नाही माय. तू एकटी कायले घेते अंगावर? तुले तं तिनं दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा ज्याले सांगितलं, तो पुण्याले बसला आहे.” मंग ती खूप रडली. दोन महिन्यात पहिल्यांदा रडली. रात्री माझ्या ताटात तिनं भाजी वाढली, तिखट फार होती, पण वाढली.

आता तू मले काही पाठवू नको. जे लिहिशील ते समीक्षाच्या नावानं लिही, तिच्या घरी पाठव. वाचायचं की चुलीत टाकायचं, ते ती ठरवन.

आजी

•

पुणे, २२ जुलै २०२५

समीक्षा,

जयभीम.

१८ मे रोजी आपल्या साक्षगंधाच्या वेळी माझ्या बाबांच्या हातातून गिलास दोनदा पडला. तुम्ही मला सांगितलंत, की हे लकव्याचं लक्षण आहे, आजच डॉक्टरांना दाखवा. मी म्हणालो, आता नको, सगळे बसले आहेत. मला लोकांसमोर गडबड नको होती. घरी गेल्यावर दाखवू असं मनाशी म्हटलं आणि घरी गेल्यावर विसरलो. दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून आलो.

बाबा पडले तेव्हा पहिली आठवण मला तुमच्या बोलण्याची झाली. मी ती कुणालाही सांगितली नाही.

आई जेव्हा म्हणाली, की हे तुमच्या पायगुणानं झालं, तेव्हा मी गप्प बसलो. ती खोटं बोलते आहे, हे मला माहीत होतं. दोष तुमच्याकडे गेला की माझ्याकडे कुणी पाहणार नव्हतं, म्हणून गप्प बसलो. लग्न माझ्या आईनं मोडलं असं सगळे म्हणतात. ते मी मोडलं.

तुमच्यामुळे आमच्या घरावर काही आलं नाही. तुम्ही आम्हाला वाचवू बघत होतात.

हे विहारात वाचा, कुठेही वाचा. मी हजर असायला हवं होतं. रजेचं कारण खोटं होतं, मला यायला लाज वाटली.

संघदीप बळीराम

•

फुलसावंगी, ५ ऑगस्ट

संघदीप,

मोनालीच्या हाताले आज मेंदी आहे, तिच्या भावाचं काहीतरी आहे, म्हणून अक्षर वाकडं येईन. मनानं वाचून घे.

परवा रविवारी मी बाभुळगावले होती. शीला आली होती माझ्यासंगं. मी बोलावलं नव्हतं. सकाळी लालीबाईले बळीरामाजवळ बसवलं अन् म्हणे, “मी भी येते.” यवतमाळच्या स्टँडवर मले केळं घेऊन दिलं.

विहार भरलेला होता. वाचन झालं, त्रिशरण झालं, लोक उठाले लागले तं समीक्षाचा बाप उभा राह्यला अन् म्हणे, थांबा, एक पत्र आहे. वाचाले त्यानं खिशातून चष्मा काढला. समीक्षा म्हणे, “बाबा, द्या इकडं. माझ्या नावानं आहे.”

तिनंच वाचलं. उभं राहून, मोठ्यानं, एकही शब्द न गाळता. मी लोकाईकडं पाहत होती. ती हळदवाली खाली पाहून चटईच्या काड्या मोडून राह्यली होती. मोडू दे. शीला माझ्या बाजूले बसली होती, पदर तोंडात धरून. पत्र संपलं अन् ती उठली. मले वाटलं बाहेर जाते. ती समोर गेली अन् म्हणे, “मले भी सांगितलं होतं पोरीनं. मी तिचं तोंड बंद केलं. पायगुण-फायगुण मी म्हणलं. लिहून नाही आणलं मी, मले लिहिता येत नाही एवढं.” एवढं बोलून जागेवर येऊन बसली. चाळीस वर्षाची माझी सासूगिरी त्या दिवशी तिच्यापुढं फिकी पडली, हे तिले मी सांगणार नाही, तू भी सांगू नको.

अन् मंग काय झालं, ऐक. जे झालं त्याचा राग अजून गेला नाही माझा.

साऱ्याईनं टाळ्या वाजवल्या. मध्यस्थ उठला, तोच, ज्यानं फोनवरचं साऱ्या तालुक्यात वाटलं होतं. म्हणे, “चला, पोरगा खरा निघाला, मायनं भी कबूल केलं, आता काही राह्यलं नाही. दिवाळीनंतरची तारीख धरून टाकू.” लोक हो हो म्हणाले लागले. कोणी पेढ्याचं बोलाले लागलं. तिच्या बापाच्या डोळ्यात पाणी. साऱ्याईले एवढं हलकं वाटलं, जसं काही त्याईचंच पाप धुतलं गेलं. पोट्टी तिथंच उभी. हातात तुझं पत्र. तिले कोणी विचारलं नाही.

मी लाठी आपटली. म्हणलं, “अरे, जिचं आहे तिले विचारा ना.”

मंग सारे तिच्याकडं फिरले.

समीक्षा म्हणे, “पत्रातलं सारं खरं आहे. खरं लिहिलं, त्यासाठी मी त्याईले माफ केलं. पण लग्न मी करणार नाही. उद्या माझ्या लेकराले काही झालं अन् मी म्हणलं, दवाखान्यात चला, तं तिथं भी कोणी बसलेलं असन. अन् हे म्हणतील, आता नको.”

मध्यस्थ म्हणे, “बेटा, रागात निर्णय घेऊ नये.” ती म्हणे, “काका, रागात तुम्ही लोकाईनं घेतला. मी तं दोन महिने विचार केला.”

मले विचारलं तिच्या बापानं, “आजी, तुम्ही सांगा तिले काही.” साऱ्याईनं माझ्याकडं पाह्यलं. मी तुझी आजी आहे, मीच हे जुळवाले पहिल्यांदा यष्टीत बसली होती. माझ्या एका बोलण्यानं ती थांबली असती भी, तशी ती माझं ऐकते. मी म्हणलं, “पोरीनं एकदा सांगितलं तवा कोणी ऐकलं नाही. आता दुसऱ्यांदा सांगून राह्यली. ऐका.”

बस. एवढंच बोलली मी. तुझं लग्न तिनं नाकारलं, अन् मी तिच्या बाजूनं बसली. तुले वाईट वाटत असन. वाटू दे, वाटलं पाह्यजे.

निघताना ती हळदवाली दारात आडवी आली अन् समीक्षाचा हात धरून म्हणे, उद्या घरी ये, पोरगी माहेरी आली आहे, संगं जेवू. समीक्षानं हात सोडवून घेतला. म्हणे, “येईन काकू. पण समोर बसीन.”

येताना शीला गाडीत झोपली, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. घरी आलो तं बळीराम खाटेवरून पडला होता. लागलं नाही. लालीबाईच्यानं एकटीच्यानं उचलला गेला नाही, ती त्याले खाली तसंच उशी देऊन बसली होती. आम्ही तिघींनी मिळून उचलला. तो हसून राह्यला होता, तीन म्हाताऱ्या अन् एक धड माणूस नाही घरात.

तं आता तू मले पत्र लिहू नको. मोनालीले सांगून ठेवलं, आलं तं वाचून दाखवायचं नाही. बापाले रोज सकाळ-संध्याकाळ उठवून चालवाव लागते, डॉक्टरनं सांगितलं आहे, अन् त्याले दोन्ही बाजूनं धराले आमच्यात ताकद नाही. तुले माफी मागाची असन, तं त्याची डावी बाजू शीला धरते, उजवी रिकामी आहे.

ये.

आजी